गाण्यावरची सही

गाणे कुणाचे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कुणी विचारीत नाही. एकादशीला भजन बसले की ज्याचा गळा तापला असेल तो पुढे होतो, बाकीचे त्याच्यामागे धरतात, आणि ज्याने पद रचले त्याला जाऊन सहाशे-सातशे वर्षे लोटली आहेत, हे कुणाच्या मनातही येत नाही. गाणे गाणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे आणि देवाचे. एवढ्यावर आपले भागते. पण भागते म्हणून प्रश्न सुटला असे होत नाही. अमेरिकेत याच प्रश्नासाठी वकील लागले, खटले झाले, पैशांच्या तडजोडी झाल्या. आपल्याकडे त्याची उत्तरे फार पूर्वी शोधली गेली होती. फक्त ती उत्तरे आहेत, हे आपण विसरलो.

या लेखात दोन मुलूख शेजारी शेजारी ठेवून पाहावयाचे आहेत. एक मिसिसिपी नदीचा काठ. दुसरा गोदावरी आणि मांजरा यांचा. दोन्हीकडे कापूस पिकतो, दोन्हीकडे तो वेचणाऱ्यांच्या हातात फारसे काही उरले नाही, आणि दोन्हीकडे माणसे गात आली. तिकडच्या गाण्याला ब्लूज म्हणतात. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली. पण कृष्णवर्णीय शेतमजुरांचे कर्ज, भय आणि भटकंती संपली नाही. त्या जगण्यातून हे गाणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आले. त्याचा सांगाडा साधा आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. दोन ओळींमध्ये जी मोकळी जागा राहते तिथे वाद्य बोलते. गोंधळात मुख्य गोंधळ्याला झीलकरी जसा साथ करतो, तसेच हे.

ते वाद्य पुष्कळदा माउथऑर्गन असे. खिशात मावणारा, स्वस्त, पावसात भिजला तरी पुसून पुन्हा वाजणारा. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी मॅथियस होनर याने १८५७ मध्ये हे बाजे करावयास घेतले. त्याच्या कारखान्याचा ‘मरीन बँड’ हा नमुना १८९६ चा. तो जर्मन लोकगीते आणि नाचाच्या चाली वाजवण्यासाठी बनवलेला होता. त्याच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात आणि श्वासाने त्या थरथरतात. आपल्या बाजाच्या पेटीत नेमके हेच असते. तिथे श्वासाऐवजी भाता असतो एवढेच. पॅरिसच्या देबँ याने १८४२ मध्ये पेटीचा हक्क नोंदवला, पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसून एका हाताने भाता मारण्याजोगे रूप दिले, आणि ती नाटकापासून कीर्तनापर्यंत सगळीकडे गेली. तेव्हा माउथऑर्गन आणि पेटी या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी खऱ्याच.

मिसिसिपीकाठच्या माणसांनी या जर्मन बाजाशी एक खेळ केला. तो फुंकून वाजवावा अशी कारागिराची अपेक्षा. यांनी तो श्वास आत ओढून वाजवला, आणि बाजा ज्या सुराचा असेल त्याच्या पंचमाला षड्ज मानले. संगीत जाणणाऱ्या वाचकाच्या लगेच ध्यानात येईल की असे केल्याने निषाद कोमल होतो आणि हाती खमाज थाट येतो. शिवाय आत ओढलेल्या श्वासाला जिभेने आणि घशाने वळण दिले की सूर वाकतो आणि दोन पट्ट्यांच्या मधली, कुठल्याच पेटीवर नसलेली जागा मिळते. आपण ज्याला मींड म्हणतो तिच्या फार जवळची ही गोष्ट आहे. पेटीला नेमके हेच जमत नाही, आणि म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बाहेर ठेवले. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. एकाच पितळी पट्टीला इकडे वाकता येत नाही म्हणून शिक्षा झाली आणि तिकडे वाकवली म्हणून कीर्ती मिळाली.

आता गाण्याकडे वळू. टेनेसी राज्यातल्या जॅक्सन गावाजवळ १९१४ मध्ये जन्मलेला जॉन ली विल्यमसन ‘सनी बॉय’ या नावाने गात असे. ‘सनी बॉय’ हे लाडाचे नाव, आपल्याकडच्या ‘बाळ्या’सारखे. ५ मे १९३७ रोजी इलिनॉय राज्यातल्या ऑरोरा गावी, लीलँड हॉटेलात मांडलेल्या यंत्रापुढे त्याने ‘गुड मॉर्निंग, स्कूल गर्ल’ हे गाणे म्हटले आणि ब्लूबर्ड कंपनीने त्याची तबकडी काढली. विषय हलका, गौळणीत वाटेवर अडवणूक असते तशातला. पण गळा आणि बाजा यांनी एकमेकांचे बोलणे उचलण्याची जी रीत त्याने त्यात घातली, ती पुढच्या बहुतेक माउथऑर्गनवाल्यांनी गिरवली. तोवर साथीला असलेला हा बाजा त्याच्यामुळे पुढे येऊन बसला.

मग हे गाणे त्याचे झाले का? चाल तर आधीची होती. सन बाँड्स नावाच्या गायकाच्या १९३४ च्या एका तबकडीत ती सापडते. आणि त्याच्याही आधी कुणाकुणाच्या ओठी ती असेल ते देव जाणे. नंतरचा प्रवास तर लांबच लांब. १९५० मध्ये स्मोकी हॉग याचे रूप गाजले. १९६४ मध्ये मडी वॉटर्स याने ते गायिले. त्याच वर्षी इंग्लंडात रॉड स्टुअर्ट या तरुण गायकाची पहिली तबकडी निघाली ती याच गाण्याची, आणि यार्डबर्ड्‌स या मंडळींनीही याच नावाची तबकडी काढली; फक्त त्यांनी घेतलेला पाठ १९६१ मध्ये डॉन आणि बॉब या जोडीने पार बदललेला होता. १९६५ मध्ये शिकागोच्या ज्युनियर वेल्स याने ते पुन्हा माउथऑर्गनवर आणले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने आणि १९६९ मध्ये टेक्ससच्या जॉनी विंटरने त्याला विजेच्या गिटारींवर चढवले. नाव तेच, बांधा थोडाबहुत तोच, आणि प्रत्येक वेळी माणूस निराळा.

हे सारे पाहावयास मूळ गायक राहिला नव्हता. १ जून १९४८ रोजी शिकागोत रात्री कामावरून घरी येताना लुटारूंनी त्याला मारले. वय चौतीस. आणि इथेच या कथेला असे वळण मिळते की कादंबरीत कुणी लिहिले तर आपण विश्वास ठेवणार नाही.

सनी बॉय विल्यमसन जिवंत असतानाच दुसरा एक सनी बॉय विल्यमसन उभा राहिला होता. त्याचे खरे नाव ॲलेक मिलर. लोक त्याला राइस मिलर म्हणत. वयाने तो बहुधा थोरला. १९४१ मध्ये आर्कान्सॉ राज्यातल्या हेलेना गावच्या नभोवाणी केंद्रावर ‘किंग बिस्किट टाइम’ नावाचा दुपारचा कार्यक्रम सुरू झाला. पीठ विकणाऱ्या व्यापाऱ्याने तो चालवला होता, आणि त्यात माउथऑर्गन वाजवणाऱ्या मिलरची ओळख ‘सनी बॉय विल्यमसन’ अशी होऊ लागली. नाव आधीच गाजलेले होते. पिठाला खप हवा होता. पुढे तर मक्याच्या पिठाच्या पिशवीवरच ‘सनी बॉय’ हे नाव आणि त्याचे चित्र छापले गेले. पहिला मारला गेल्यावर हरकत घेणारा कुणी उरला नाही. १९५१ पासून दुसऱ्याच्या तबकड्या त्याच नावाने निघू लागल्या, आणि खरा पहिला मीच, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला.

याला भामटा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तसे करता येत नाही, कारण हा दुसरा सनी बॉय अस्सल कलावंत होता. १९६३ मध्ये त्याने ध्वनिमुद्रित केलेले ‘हेल्प मी’ आजही माउथऑर्गन शिकणारा प्रत्येक जण वाजवून पाहतो. गंमत अशी की त्याचीही चाल उसनी आहे. आदल्याच वर्षी गाजलेल्या, बुकर टी. आणि त्याच्या साथीदारांच्या ‘ग्रीन अनियन्स’ या निव्वळ वाद्यांच्या रचनेवर ते बांधलेले आहे. त्याच सुमारास त्याने ‘ब्रिंग इट ऑन होम’ हे गाणेही म्हटले. रचना विली डिक्सनची. ते बाहेर पडले १९६६ मध्ये, गायक वारल्यानंतर एक वर्षाने. १९६९ मध्ये लेड झेपेलिन या इंग्रज मंडळींनी त्याच नावाचे गाणे काढले, त्याचा आरंभ आणि शेवट दुसऱ्या सनी बॉयच्या धर्तीवर बेतला, आणि तबकडीवर कर्ते म्हणून स्वतःची नावे छापली. डिक्सनच्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने फिर्याद केली. १९७२ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. पुढे २००३ मध्ये त्यांच्या जुन्या मैफलींचा संच निघाला, तेव्हा कुठे त्यावर डिक्सनचे नाव आले.

पहिल्या तबकडीपासून या दुरुस्तीपर्यंत चौतीस वर्षे गेली. मधल्या काळात गाणे जगभर गेले. नाव मात्र मागे राहिले. जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्या छांदिष्टांनी आणि याद्या करणाऱ्यांनी अखेर दोन सनी बॉयच्या घोळाचा निकाल लावला. तोही अगदी साधा. त्यांनी एकाला ‘पहिला’ आणि दुसऱ्याला ‘दुसरा’ असा आकडा लावला. नाव काढून घेतले नाही, मोजदाद केली.

हा आकडा आपण ध्यानात ठेवू आणि गोदावरीकाठी येऊ. नांदेडच्या उत्तरेला, आजच्या हिंगोली जिल्ह्यात, नरसी हे गाव आहे. परंपरा ते नामदेवांचे जन्मगाव मानते, जन्मवर्ष १२७०. नामदेवांच्या अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’ येते. या शेवटच्या चरणातल्या नावाला आपण नाममुद्रा किंवा मुद्रिका म्हणतो. ती इतकी ओळखीची झाली आहे की तिच्यातली युक्ती आपल्याला दिसत नाही. तबकडीवरचा कागद फाटतो, छापलेले नाव खोडता येते, गाणे कागदाशिवाय फिरते. नामदेवांनी आपले नाव गाण्याच्या बाहेर ठेवलेच नाही. ते चालीत आणि छंदात शिवून टाकले. शिंपीच ते. आता गाणारा कुणीही असो, पद पुरे करायचे तर त्याला कर्त्याचे नाव घ्यावेच लागते. गाणे चोरणाऱ्याला सहीसुद्धा चोरून न्यावी लागते, आणि मग चोरी होत नाही.

पुणे आकाशवाणीवरच्या राम फाटकांनी ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ या अभंगाला अहिर भैरवात बांधले आणि तो भीमसेन जोशींच्या गळ्यात घातला. त्यानंतर तो किती जणांनी गायिला याची गणती नाही. भीमसेनांची चाल, भीमसेनांचा हेलकावा, भीमसेनांचा दम. नव्या गायकाला त्यातून सुटका नाही. तरी पद संपते तेव्हा नाव उच्चारले जाते ते नाम्याचेच. आता चाल बांधणाऱ्या फाटकांचे नाव मात्र गाण्यात नाही; ते निवेदकाने सांगितले तर कळते, एरवी नाही. याचा विचार पुढे येईल.

कुणी म्हणेल, मग नाममुद्रेने प्रश्न सुटला. तसे नाही. सही जितकी मोठी, तितका तिचा मोह मोठा. नामदेवांनंतर दोन-अडीचशे वर्षांनी, एकनाथांच्या काळी, विष्णुदास नामा नावाचा कवी होऊन गेला. त्याने मराठीत महाभारत रचले, पदे रचली आणि सही केली ‘नामा’. आणखी एक नामा पाठक झाला. पोथ्या उतरून घेणाऱ्यांनी सगळे नामे एका गाथ्यात बांधले. शिवाय नामदेवांच्या घरच्या मंडळींचे अभंग त्यांतच. आणि गंगाखेडहून आलेल्या जनाबाईंचेही त्यांतच, जिने आपल्या सहीत स्वतःबरोबर धन्याचेही नाव गुंफले. कोणता अभंग कुणाचा हे भाषेच्या वयावरून, पोथीच्या वयावरून आणि आतल्या खुणांवरून वेगळे काढता काढता विसाव्या शतकातल्या संशोधकांच्या पिढ्या खपल्या. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये गाथा काढली, तरी तो वाद पुरता मिटला नाही.

म्हणजे आपल्याकडेही पहिला नामा आणि दुसरा नामा होतेच. मिलर आणि विष्णुदास यांच्यात एक फरक दिसतो. मिलरने आपले गाणे दुसऱ्याच्या नावाखाली ठेवले आणि त्या नावावर रोजी मिळवली. विष्णुदासाने नाव घेतले ते कदाचित भक्तीने, कदाचित त्याचे नाव खरोखरच नामा होते म्हणूनही. आणि त्यात त्याने स्वतःलाच जवळपास हरवून टाकले. एकाने नावाने कमावले, दुसऱ्याने नावात गमावले. पण गाणे ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर परिणाम एकच. दोन माणसांचा एक माणूस झाला, आणि त्यांतला एक नाहीसा झाला.

यावर उपाय कुणाला सापडला? त्यासाठी नरसीहून फार लांब जावे लागत नाही. नांदेडला जावे. सचखंड हुजूर साहिबात सकाळ-संध्याकाळ रागी बसतात, पुढ्यात पेटी असते, आणि गुरु ग्रंथ साहिबातली पदे ठरलेल्या रागांत गायिली जातात. या ग्रंथाचे पहिले संकलन गुरु अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये केले. लेखणी भाई गुरदासांची होती. संकलन करताना त्यांच्यापुढे मोठाच पेच होता. गुरु नानकांनंतरच्या गुरूंनीही आपल्या पदांच्या शेवटी ‘नानक’ हीच सही केली होती. ज्योत एकच, देह निराळे, अशी त्यामागची श्रद्धा. आता एका नावाखाली अनेक कवी. गाथ्यात झाले तसे इथेही व्हावयास हवे होते.

तसे झाले नाही, कारण संकलकाने सहीला हात न लावता पदाच्या वर एक आकडा घातला. महला १ म्हणजे गुरु नानक, महला २ म्हणजे गुरु अंगद, महला ३ म्हणजे गुरु अमरदास, याप्रमाणे पुढे. नंतर गुरु तेगबहादुरांची पदे घातली गेली ती महला ९ म्हणून. आत नम्रता, वर हिशेब. गाणारा ‘नानक’ म्हणतो, वाचणाऱ्याला कितवा ते कळते. सनी बॉयच्या बाबतीत संग्राहकांना जे विसाव्या शतकात सुचले ते इथे १६०४ मध्ये शाईने लिहून ठेवलेले होते.

याच ग्रंथात भगत नामदेवांची ६१ पदे आहेत, १८ रागांत वाटलेली. नामदेव उत्तरेस गेले, पंजाबात घुमान येथे राहिले, आणि त्यांची हिंदी वळणाची पदे तिकडे मुखोमुखी फिरत राहिली. अडीचशे वर्षांनी ती ग्रंथात आली तेव्हा त्यांच्यावर नामदेवांचे नाव होते आणि पोटात नाम्याची सही होती. कबीरांचे वेगळे, रविदासांचे वेगळे, फरीदांचे वेगळे. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंग नांदेडला आले आणि देह ठेवण्यापूर्वी त्यांनी याच ग्रंथाला गुरुपद दिले. म्हणजे नरसीच्या शिंप्याचे गाणे पंजाबात जाऊन, चार शतकांनंतर, आपल्या जन्मगावाच्या शेजारी परत आले. त्यांतल्या एका पदात, देवळातून हाकलल्या गेलेल्या भक्तासाठी देऊळच फिरल्याची कथा आहे. आपली परंपरा ती कथा औंढा नागनाथाची म्हणून सांगते. औंढा नरसीच्या शेजारी, नांदेड औंढ्याच्या शेजारी. आणि मधला वळसा अमृतसरचा. जगातल्या कोणत्या तबकडीने याहून लांबचा प्रवास करून इतक्या सुखरूपपणे सही घरी आणली असेल, मला सांगता येणार नाही.

नांदेडचे उत्तर हे असे. लातूरचे उत्तर निराळे आहे, आणि ते दक्षिणेकडून आलेले आहे. लातूरच्या सीमेला लागून बसवकल्याण आहे. १९५६ पर्यंत दोन्ही एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि निलंगा-उदगीर भागातल्या कितीतरी घरांत अजूनही मराठी आणि कानडी शेजारी नांदतात. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वर आणि त्यांच्याभोवतीच्या शरणांनी वचने रचली. वचनाच्या शेवटीही सही असते. तिला अंकित म्हणतात. पण ती कवीच्या नावाची नव्हे, त्याच्या देवाच्या नावाची. बसवेश्वरांचे अंकित ‘कूडलसंगमदेव’, अक्कमहादेवींचे ‘चन्नमल्लिकार्जुन’, अल्लमप्रभूंचे ‘गुहेश्वर’. मी पुसला जावा आणि तरी माझे बोलणे ओळखू यावे, अशी ही दुहेरी इच्छा. नाव कुठेच नाही, आणि तरी शंका नाही. फ. गु. हळकट्टी यांनी विसाव्या शतकात ताडपत्रांतून वचने गोळा केली, तेव्हा कवी ओळखण्याची मुख्य खूण अंकित हीच होती.

ही सही नुसती जुन्या पोथ्यांतली बाब नाही. बसवेश्वरांच्या वचनांची एक आवृत्ती माते महादेवी यांनी काढली आणि तीत ‘कूडलसंगमदेव’ या जागी ‘लिंगदेव’ असे घातले. कर्नाटक सरकारने १९९८ मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. बंदी असावी की नसावी हा निराळा प्रश्न आहे. पण आठशे वर्षांपूर्वीच्या एका सहीतला एक शब्द बदलला म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, यावरून तो शब्द लोकांनी किती घट्ट धरून ठेवला आहे ते कळते. लेड झेपेलिनवरची फिर्याद पैशांच्या हक्काची होती, ही भावनेची. मुळाशी मात्र बाब एकच, सही बदलण्याची.

कल्याणचे हे वळण मराठीत आले ते मन्मथस्वामींच्या अभंगांतून, पण येताना सही मराठी रीतीची झाली. शेवटी ‘मन्मथ’ आले. कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारेला लातूर-नांदेडकडून दिंड्या जातात. वाटेने हे अभंग चालतात. तिकडे औशाच्या नाथ संस्थानात चक्रीभजनाची परंपरा आहे. फेर धरून, फिरत फिरत भजन चालते. आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि पदाची सही ज्याची त्याचीच राहते. एवढ्याशा मुलुखात, नांदेड ते औसा या टापूत, गाण्यावर नाव ठेवण्याच्या तीन रीती भेटतात. नाव आत शिवणे, नावावर आकडा घालणे, आणि नावाऐवजी देव ठेवूनही ओळख राखणे. मिसिसिपीकाठच्या कवीला यांतली एकही रीत नव्हती. त्याच्या गाण्याला सही होती ती कंपनीच्या कागदावर, आणि कागद कंपनीच्या हातात.

इथवर वाचून आपल्याला थोडा अभिमान वाटला तर तो सावरून धरावा, कारण हिशेबाची दुसरी बाजू राहिली आहे. ज्या रीती आपण पाहिल्या त्या संतांच्या, आणि ज्यांचे लिहून ठेवणारे होते त्यांच्या. जात्यावर बसून पहाटे ओवी रचणाऱ्या बाईला कुठली मुद्रिका? तिच्या ओवीत भावाचे नाव येते, लेकाचे येते, पंढरीच्या विठ्ठलाचे येते. स्वतःचे येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत मराठवाड्यातल्या बायकांच्याही आहेत. या कामाचे मोल आकड्यात नाही. प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचे नाव आणि गाव लिहून ठेवले, ही त्यातली खरी गोष्ट. भाई गुरदासांनी जे ग्रंथासाठी केले तेच हे, चारशे वर्षांनी, जात्यासाठी.

एरवी काय होते? गोंधळ्याचे गाणे उचलले जाते, वासुदेवाचे उचलले जाते, पोतराजाचे, शाहिराचे, आराध्यांचे उचलले जाते. त्यावर बाजा चढतो, चित्र चढते, आणि कर्त्याच्या जागी एक शब्द छापला जातो, ‘पारंपरिक’. शब्द मोठा सुसंस्कृत आहे. त्याने कुणाचा अपमान होत नाही आणि कुणाला पैसाही द्यावा लागत नाही. पण परंपरा गात नसते. गाते ते माणूस, ज्याला नाव असते, गाव असते, आणि बहुधा देणेही असते. ऑरोराच्या हॉटेलात यंत्रापुढे उभा राहिलेला तेवीस वर्षांचा तरुण नसता, तर ‘गुड मॉर्निंग, स्कूल गर्ल’लाही आज कुणी पारंपरिकच म्हटले असते, चाल तर खरोखरच आधीची होती. राम फाटकांसारख्या चाल बांधणाऱ्याचे नाव निवेदक गाळतो, तेव्हाही हेच थोड्या प्रमाणात घडते.

गाणे दुसऱ्याने गाऊ नये असे यातून कुणी काढू नये. तसे झाले असते तर नामदेव नरसीतच राहिले असते आणि सनी बॉय जॅक्सनमध्ये. गाणे दुसऱ्याच्या गळ्यात गेल्याखेरीज जगत नाही, आणि गेले की बदलते. त्याला इलाज नाही, खंतही नको. मडी वॉटर्सने बदलले ते चांगले केले, भीमसेनांनी चढवले ते फारच चांगले केले. उसने घेणारा दोषी नसतो. मिलरलासुद्धा आपण आज ऐकतोच, आणि आदराने ऐकतो. दोष असतो तो मोजदाद न ठेवणाऱ्याचा.

आता आपल्या प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. जत्रेत, माळेगावच्या यात्रेत, माहूरच्या वाटेवर, घरातल्या म्हातारीच्या ओव्या चालू असताना आपण ते बाहेर काढतो, गाणे घेतो आणि चार जणांना पाठवून देतो. तेवढ्यात ते गाणे चाळीस गावी पोचलेले असते. पाठवण्यापूर्वी गाणाऱ्याला नाव आणि गाव विचारावे आणि ते गाण्याबरोबर लिहावे. फार तर दोन मिनिटांचे काम. मिसिसिपीकाठी ते वेळेवर कुणी केले नाही, म्हणून तिकडे ते वकिलांना करावे लागले.